बोंडअळी कुठल्या विषयात येते?

पत्र मराठवाड्यातल्या एका विद्यार्थिनीचं आहे. वय 18. लातूरला दोन वर्षं क्लास लावून तिने नीट दिली. 720 पैकी 380च्या आसपास गुण पडले आणि एमबीबीएसचं स्वप्न हुकलं. जीवशास्त्राने हात दिला, भौतिकशास्त्राने बुडवलं. मग जिल्ह्याच्या ठिकाणी बीएस्सीला प्रवेश घेतला: वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र. पहिलं सत्र सुरू होऊन दोन महिने झालेत आणि वर्गात मन लागत नाही. ती लिहिते: "नीटला केलं तेच पुन्हा चाललंय. लॅटिन नावं पाठ करा, वर्गीकरणाचे तक्ते पाठ करा, जर्नल भरा. सर सगळं इंग्रजीत शिकवतात, विचारायची लाज वाटते. पुढे बेडूक कापावा लागतो म्हणे, त्याचीही धास्ती आहे. मामा म्हणतात बीएस्सीला स्कोप नाही, ड्रॉप घेऊन पुन्हा नीट दे. मैत्रिणी म्हणतात, शिकायचंच होतं तर बायोटेक घ्यायचं, बॉटनी-झूलॉजी जुनी झाली. पप्पा काहीच बोलत नाहीत. घरी चार एकर, कापूस आणि सोयाबीन. क्लाससाठी घेतलेले उसने पैसे अजून फिटायचे आहेत, भाऊ दहावीला आहे. मला जीवशास्त्र आवडतं असं वाटायचं. आता वाटतं, ते आवडत नव्हतंच. मी काय करू?"

तुझ्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मला खटकलं, तिथूनच सुरुवात करते. जीवशास्त्र 'आवडत नव्हतंच' असा निकाल तू दोन महिन्यांत लावून मोकळी झालीस. लातूरला दोन वर्षं तू केलीस ती जीवशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेची तयारी. नीटच्या 180 प्रश्नांपैकी 90 जीवशास्त्राचे, 720 पैकी 360 गुण त्यांचे, आणि एका प्रश्नाला जेमतेम मिनिट. तिथे एनसीईआरटीच्या पुस्तकातली ओळ डोळ्यांपुढे उभी राहिली पाहिजे. ती ओळ खरी कशावरून, हे विचारायला सवड नसते. क्लासवाल्यांना नावं ठेवण्यातही अर्थ नाही. वीस लाखांहून जास्त मुलं बसतात, एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. चाळणी लावायची तर ती अशीच लागणार. पण त्यात झालं असं, की पेशी, ऊती, परिसंस्था हे शब्द तुझ्या तोंडात बसले आणि त्या वस्तू बघायच्या राहून गेल्या.

त्यामुळे 'तेच पुन्हा चाललंय' हे अर्धंच खरं आहे. धड्यांची नावं तीच आहेत. मागणी बदलली आहे. पदवीला कुणी चार पर्याय देत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड लावतात आणि विचारतात, काय दिसतंय, आणि ते तेच कशावरून?

प्रात्यक्षिकाचंच घे. कोवळ्या सूर्यफुलाच्या खोडाचा टी.एस., म्हणजे आडवा छेद, घ्यायचा असतो. ब्लेड ओलं करून, खोडाचा तुकडा अंगठा आणि बोटात धरून काप काढत जायचे. सुरुवातीचे बहुतेक जाड येतात नाहीतर तिरपे येतात. पाण्याच्या काचेत टाकल्यावर जो जवळजवळ दिसेनासा होतो तो ब्रशने उचलायचा, सॅफ्रानिनच्या लाल रंगात ठेवायचा, धुवायचा, ग्लिसरिनच्या थेंबावर घेऊन वर कव्हरस्लिप टाकायची. मग सूक्ष्मदर्शकातून डोकावलं की लाकडी भिंतींच्या नळ्या लालभडक दिसतात आणि बाकीचा गर फिकट. पुस्तकातल्या आकृतीत हे वाहिन्यांचे जुडगे गोल रांगेत शिस्तीत उभे असतात. तुझ्या कापात दोन फाटलेले असतील, एक अर्धाच आला असेल, मधे हवेचा बुडबुडा असेल. इथे बहुतेक मुलं काय करतात ते मला ठाऊक आहे: स्लाइड बाजूला सारतात आणि सीनियरच्या जर्नलमधली आकृती उतरवून काढतात. सगळ्या वर्गाच्या जर्नलांत एकच खोड, जणू एकाच झाडाचं. तू आधी फाटका काप आहे तसा काढ. सर म्हणतील नीटनेटकी आकृती हवी, तर जर्नलमध्ये तीही काढ, गुण मिळव. पण स्वतःच्या वहीत दिसलेलंच काढायचं. कंटाळा कशाचा येतोय, विषयाचा की नक्कल करण्याचा, हे तुला चारदोन प्रात्यक्षिकांत कळेल.

बेडकाचं आधी संपवून टाकते. ती धास्ती जुन्या पिढीकडून आली आहे. प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातली विच्छेदनं कमी करा असं यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2011 मध्ये सांगितलं आणि 2014 मध्ये ती थांबवायलाच सांगितली. आता तक्ते, प्रतिकृती, संगणकावरची चित्रं यांवर भागवतात.

लॅटिन नावांची तक्रार मात्र मान्य. पन्नास नावांची यादी देऊन 'स्पॉटिंगला (नमुने ओळखायच्या परीक्षेला) येतील' एवढंच सांगितलं तर कुणालाही वीट येईल. एक करून बघ. हिरडा, बेहडा, अर्जुन, ऐन, किंजळ ही पाच नावं मराठीत ऐकलीस तर कुणाचं कुणाशी नातं आहे याचा पत्ता लागत नाही. वैज्ञानिक नावात पाचही टर्मिनॅलिया. एकाच घरातली भावंडं. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: यांच्यात असं काय सारखं आहे? अर्जुनाच्या फळाला पाच उभे पंख, ऐनालाही तसेच, हिरड्याला पंख नाहीत पण नुसत्या धारा. पानाच्या देठाशी गाठीसारख्या ग्रंथी शोध. नावं अशी कुळाकुळाने घेतलीस, आणि प्रत्येक नावाबरोबर त्या झाडाचं पान, फळ, साल यातलं काहीतरी हाताळलंस, तर पाठांतर निम्म्यावर येईल. पूर्ण जाणार नाही, हेही सांगते. थोडं घोकावं लागतंच; कुठल्या विषयात लागत नाही?

आता तू जाता जाता लिहिलेल्या ओळीकडे येते. 'घरी चार एकर, कापूस आणि सोयाबीन.' ही ओळ तू घरची परिस्थिती सांगायला लिहिलीस. मला ती तुझ्या अभ्यासाबद्दलची वाटली.

2017 चा हंगाम तुला अंधुक आठवत असेल, तू तेव्हा लहान होतीस. त्या वर्षी मराठवाड्यात आणि विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. लोकांनी उभ्या पिकात नांगर घातले, जनावरं सोडली. कापूस कुठला होता? बीटी. अळी लागू नये म्हणूनच आणलेला. मग अळी लागली कशी?

वर्गात शिकवलेलं इथे एकेक करून लाव. बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच बीटी, हा मातीतला जिवाणू. त्याचं एक जनुक कापसात घातलं आणि 2002 मध्ये असं बियाणं आपल्याकडे आलं. दोन जनुकांचं 2006 मध्ये. त्या जनुकामुळे झाडात एक प्रथिन तयार होतं. अळीने झाडाचा भाग खाल्ला की तिच्या आतड्यात ते प्रथिन काम करतं आणि अळी मरते. पण लाखो अळ्यांत दोनचार अशा निघतात की जन्मतःच त्यांच्या जनुकात थोडा फरक असतो, त्यांना ते विष बाधत नाही. सगळ्या शिवारात बीटीच असेल तर जगणार कोण? याच. पतंग होऊन जोडीदार शोधणार तर समोरही वाचलेलाच भेटणार. पुढची पिढी वाचणाऱ्यांची. नैसर्गिक निवडीचा धडा तू डार्विनच्या दाढीसकट पाठ केला असशील. तो तुझ्या बांधाच्या आत घडला.

हे असं होईल हे आधीच माहीत होतं, म्हणून बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅमची बिगर-बीटी बियाण्याची पुडी यायची, रेफ्युजीची, म्हणजे आसऱ्याची. ती शेताच्या कडेने लावायची. त्या ओळींवर साध्या, विषाने मरणाऱ्या अळ्या सुखाने वाढतात, त्यांचे पतंग होतात, आणि शेतातल्या चिवट पतंगांशी त्यांची जोडी जमते. चिवटपणाचं जनुक अप्रभावी असेल तर त्या जोडीची पिल्लं पुन्हा बीटीवर मरतात. बघ, मेंडेलचे वाटाणे. तू सोडवलेली संकरणाची चौकट इथे रेफ्युजीच्या पुडीत बसलीये. पप्पांना विचार, ती पुडी कधी पेरली का? बहुतेकांनी पेरली नाही. आणि मी त्यांना दोष देणार नाही. चार एकरवाल्याने बांधाच्या कडेच्या ओळी अळीला खायला सोडायच्या आणि फायदा सगळ्या गावाचा, हे गणित कुणाच्याही गळी उतरणं अवघड आहे.

अजून पुढे जा. हिरवी बोंडअळी, जिला अमेरिकन म्हणतात, ती तुरीवर जगते, हरभऱ्यावर जगते, टोमॅटोवरही. तिच्यासाठी सगळं शिवारच रेफ्युजी. गुलाबी अळी मात्र जवळजवळ कापसाशीच बांधलेली. म्हणून तिच्याबाबत ती पुडी इतकी महत्त्वाची होती. तिच्या याच खोडीत तिची दुखती नसही आहे. कापूस नसेल तर तिला खायला नाही. कृषी सहायक दरवर्षी घसा कोरडा करून सांगतात की फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या, म्हणजे वेचणीनंतरची वाळकी झाडं, शेतात उभ्या ठेवू नका, बांधावर गंजी रचू नका. त्यामागे परिसंस्थेचा साधा हिशोब आहे. डिसेंबरनंतरही पाणी देऊन पीक ठेवलं की अळीला उपासाचे महिनेच राहत नाहीत. आणि पऱ्हाट्यांत, सरकीत, मातीत ती सुप्तावस्थेत पडून पुढच्या पावसाची वाट बघते.

आता सांग, बोंडअळी कुठल्या विषयात येते? पात्या-फुलं लागली की कपाशीत डोमकळी दिसते: पाकळ्या उमलायच्या त्या आतून धाग्यांनी चिकटवून गुलाबाच्या मिटल्या कळीसारख्या झालेल्या. ती हाताने उकल. पुंकेसरांच्या झुबक्यात बारीकशी अळी सापडेल. फुलाची रचना वनस्पतिशास्त्राची, अळी प्राणिशास्त्राची. शेतात लावलेल्या कामगंध सापळ्यात नर पतंग अडकतात ते मादीच्या गंधाची रसायनशाळेत केलेली नक्कल ठेवलेली असते म्हणून, ते रसायनशास्त्र. तुझे तिन्ही विषय एका डोमकळीत आहेत, आणि तू मला लिहितेस की मन कशात लावू.

म्हणून 'बॉटनी-झूलॉजी जुनी झाली' हे मला पटत नाही. जनुक कापसात घालणं हे जैवतंत्रज्ञानाचं काम होतं, आणि ते मोठंच काम होतं. पण ते किती वर्षं टिकेल हे ठरवणार होता पतंगाचा संसार: तो काय खातो, कुठे झोपतो, जोडीदार कुठून आणतो. ते बघणारी माणसं लागतातच. दुसरं म्हणजे, बायोटेकचा दरवाजा तुझ्यासाठी बंद झालेला नाही. वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्रात बीएस्सी केलेली मुलं एमएस्सीला बायोटेककडे जातात. आयआयटी जॅम या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेत त्याचा वेगळा पेपर असतो, जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने चालणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी गॅट-बी ही परीक्षा असते. उलट पहिल्याच वर्षापासून बायोटेक घेऊन मग कधी झाड ओळखता न येणारी मुलंही मी पुष्कळ पाहिली आहेत.

विषयांच्या भिंती आपण वेळापत्रकासाठी घालतो. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेला ज्यांचं नाव आहे ते मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर पुढे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. पण तरुणपणी साताऱ्याकडच्या नदीत त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला होता. म्हणजे अगदी झूलॉजीचा माल!

आता मामांचा प्रश्न. ड्रॉप घ्यायचा का?

हा प्रश्न 'डॉक्टर की बीएस्सी' असा मांडला की उत्तर मिळत नाही, कारण मांडणीतच एक मोठं आणि एक छोटं ठरून बसलंय. तुझे गुण समोर ठेव. जीवशास्त्रात तू बरी आहेस, भौतिकशास्त्राने खाल्लं. म्हणजे पुन्हा नीट द्यायची तर ते वर्ष भौतिकशास्त्राचं असेल. जीवशास्त्रात तुला फार तर वीसतीस गुण वाढवता येतील, उरलेला सगळा डोंगर दुसरीकडे आहे. रोज उठून चार तास बल, विद्युतधारा, प्रकाशकी यांची गणितं सोडवायची तयारी आहे का? जर लातूरला शेवटच्या काही महिन्यांत तुझे सराव परीक्षांचे भौतिकशास्त्राचे गुण चढत होते आणि परीक्षेच्या दिवशीच काहीतरी बिनसलं, तर एक वर्ष देणं शहाणपणाचं ठरू शकतं. जर दोन वर्षं ते जागचे हललेच नाहीत, तर तिसऱ्या वर्षी ते का हलतील याचं उत्तर मामांनी द्यावं. सराव परीक्षांचे कागद घरी असतील. ते काढून बस, मनाला विचारत बसू नकोस.

दुसरं, जीवशास्त्र आवडतं म्हणून डॉक्टर, ही आपल्याकडची फार जुनी उडी आहे. डॉक्टरचं काम माणसांशी आहे, दुखण्याशी, रात्रीअपरात्री, नातेवाइकांच्या रडण्याशी. तुला ते हवंय का? तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक सकाळ ओपीडीच्या बाकावर बसून ये. काही मुलींना तिथेच कळतं की हेच आपलं काम, मग त्या दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा परीक्षा देतात आणि चांगल्या डॉक्टर होतात. काहींना कळतं की आपल्याला शरीराचं कुतूहल होतं, रुग्णाचं नव्हतं. दोन्हींत कमीपणा नाही.

कॉलेज करत करत नीट द्यायचा मधला मार्गही बरेचजण काढतात. त्याबद्दल मी साशंक आहे. हजेरी, जर्नल, इंटर्नल सांभाळून भौतिकशास्त्राचा डोंगर चढणारी मुलं असतात, पण थोडी. बाकीच्यांचं दोन्हीकडे अर्धंमुर्धं होतं: इकडे एटीकेटी, तिकडे पुन्हा तेवढेच गुण. द्यायचीच असेल तर ठरवून दे.

म्हणून सांगते, दिवाळीच्या सुटीपर्यंत काहीच ठरवू नकोस. तोपर्यंत मनापासून कॉलेज कर. सुटीत सराव परीक्षांचे गुण, रुग्णालयातली ती सकाळ आणि या दोन महिन्यांतली तुझी वही, तिन्ही समोर ठेव आणि ठरव. ठरलं की पुन्हा उकरायचं नाही, मामा भाऊबीजेला आले तरी.

घरात पैशांची गोष्ट उघड बोलायला हवी, आणि ती बहुधा तुलाच काढावी लागेल. पप्पा बोलत नाहीत याचा अर्थ तू 'नाराज आहेत' असा लावला आहेस. पत्रात तसं कुठे दिसत नाही. कदाचित त्यांना वाटत असेल की आपण काही बोललो तर पोरगी दडपणाखाली येईल. क्लासचे पैसे गेले, ते पुन्हा परीक्षा देऊन परत येत नाहीत आणि बीएस्सी केल्याने वायाही जात नाहीत. विचारायचं ते पुढचं: अजून एका वर्षाचा क्लास आणि खोलीभाडं झेपेल का, भाऊ अकरावीला जाईल तेव्हा काय, आणि न झेपल्यास तू काय करायचं. 'पप्पा, माझ्यामुळे तुमचे पैसे गेले' अशी सुरुवात करू नकोस. तसं म्हटलंस की ते 'नाही गं' म्हणतील आणि विषय तिथेच संपेल. आकडे घेऊन बस.

स्कोपबद्दल मामा पूर्ण चुकलेले नाहीत. नुसत्या बीएस्सीवर आज फारसं काही मिळत नाही, हे तुला कुणी गोड करून सांगत असेल तर ऐकू नकोस. एमएस्सी, नेट-सेट करून प्राध्यापक होणं हा रस्ता आहे, पण भरत्या रखडतात आणि कितीतरी चांगली माणसं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतात. तो एकच रस्ता डोळ्यांपुढे ठेवू नकोस. वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन पदवी असेल तर यूपीएससीच्या भारतीय वन सेवेला बसता येतं. राज्यात एमपीएससीतून सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल होता येतं. बियाणे कंपन्या, ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळा, औषध कारखान्यांची तपासणी खाती, बीएड करून शाळा. संशोधनाची ओढ लागली तर पुण्यात आयसर ही विज्ञान संस्था आहे, बंगळुरूला एनसीबीएस हे जीवशास्त्राचं संशोधन केंद्र आहे, वन्यजीवांसाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आहे, मुंबईत 1883 पासून चाललेली बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. यातलं काहीही आपोआप होत नाही. नीटइतकंच झटावं लागतं, फक्त परीक्षा एका दिवसावर टांगलेली नसते.

नव्या धोरणाने एक सोय केलीये ती लक्षात ठेव. तीन वर्षांनी पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. मधेच थांबावं लागलं तर एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, आणि मिळवलेली क्रेडिट्स खात्यावर राहतात. अटी कॉलेजच्या कार्यालयातून लेखी घे. बऱ्याच ठिकाणी मुख्य विषय दुसऱ्या वर्षी निवडायचा असतो, तेव्हा हे वर्ष तिन्ही विषय चाखून बघायचं आहे. जमलं तर कुठेतरी संख्याशास्त्राचा एखादा पेपर घे. परिसंस्थेचा अभ्यास पुढे जाऊन मोजणीवर येतो, आणि जीवशास्त्राची मुलं गणिताला घाबरून तिथे मागे पडतात.

इंग्रजीचं तू जेवढं मोठं केलंयस तेवढं ते नाही. अकरावी-बारावीचं विज्ञान तू इंग्रजीतच केलंस. अडतंय ते सरांच्या भरभर बोलण्यात, पुस्तकात नाही. धडा वर्गात होण्याच्या आदल्या रात्री अकरावीच्या पुस्तकातला तोच भाग चाळ. वर्गात शब्द ऐकून दचकायला होणार नाही. तास झाला की वहीत पाच-सहा ओळी मराठीत लिही, आईला सांगशील अशा. मग त्याच ओळी इंग्रजीत कर, व्याकरण चुकलं तरी चालेल. जी ओळ मराठीतच लिहिता येत नाही ती तुला कळलेली नाही. तिथे इंग्रजीला दोष देऊ नकोस, सरांना विचार. वर्गात लाज वाटते ना, तर प्रात्यक्षिकाच्या वेळी विचार. तिथे सर टेबलापाशी येतात, आवाज चढवायला लागत नाही, आणि हातात स्लाइड असली की प्रश्न विचारायला कारणही असतं. लॅब अटेंडंट मामांशी ओळख ठेव. कुठल्या सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू ढिला आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

तुझ्यासारखी पत्रं मला दरवर्षी येतात, जिल्हे बदलतात. ज्यांच्या घरी शेत नाही त्यांनी कॉलेजच्या मागचं पडीक मैदान घ्यावं. चार खिळे आणि सुतळीने एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखायचा आणि त्यात काय काय उगवलंय ते मोजायचं: हराळी किती, टाकळा किती, आघाडा किती. अभ्यासक्रमातलं क्वाड्रॅटचं प्रात्यक्षिक ते हेच. पावसाळ्यात गाजरगवत सापडेलच. परदेशातून आलेलं हे तण आपल्याकडे 1950च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं आणि मग देशभर झालं. त्याची पानं कुरतडलेली दिसली तर उलटून बघावीत. पिवळट पांढऱ्या अंगावर तपकिरी नागमोडी रेघा असलेला भुंगेरा बसलेला असेल. हा मेक्सिकोचा. गाजरगवत खावं म्हणूनच त्याला 1984 मध्ये बंगळुरूला मुद्दाम सोडलं. तो भरपूर असलेल्या आणि नसलेल्या चौकोनांत गाजरगवताची झाडं मोजली तरी एक छोटा प्रकल्प होतो. मॅडम-सरांना दाखवलात तर बहुतेक जण खूश होतात. त्यांनाही जर्नलं तपासून कंटाळा आलेला असतो.

तू मात्र कापसातच राहा. दिवाळीला घरी गेलीस की वेचणी चालू असेल. शेतात तिरपं चालत जाऊन वेगवेगळ्या झाडांवरची वीस हिरवी, पक्की बोंडं तोड. वरून बोंड धडधाकट दिसतं, कारण अळी लहानपणीच आत शिरते आणि भोक बुजून जातं. त्यामुळे फोडल्याशिवाय कळत नाही. चाकूने चिरून प्रत्येक कप्पा उघड. अळी लहान असेल तर पांढुरकी दिसेल, मोठी झाली असेल तर गुलाबी. वीसपैकी दोन किंवा जास्त बोंडांत ती सापडली तर नुकसान फवारणीच्या पातळीला पोचलं असं कृषी विद्यापीठं सांगतात. आकडा वहीत लिही, तारीख टाक, कुठल्या वाणाचा कापूस तेही लिही, कीड लागलेल्या एका बोंडाची आकृती काढ. हे करताना पप्पांना बरोबर घे. त्यांना बोंडअळीबद्दल तुझ्या पुस्तकापेक्षा जास्त माहीत असणार, आणि सुप्तावस्था का येते हे तुला त्यांच्यापेक्षा जास्त. पैशांचं बोलणं तिथेच, शेतात काढलंस तरी चालेल. घरात आजूबाजूला फार माणसं असतात.

सुटीनंतर काय ठरलं ते कळव. वीसपैकी किती निघाली तेही.